पेडणेकरांचा मासा जेवत नाही

मासा जेवला.

वरचं वाक्य चुकून छापलं गेलं आहे. वाचलं असेल तर विसरून जावं. जयपूरच्या मालवीय नगरातल्या 'सुमति-सदन' सोसायटीच्या दप्तरी असं काही घडलेलं नाही, घडण्याची शक्यताही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या राजन पेडणेकरला याविषयी छेडलंत तर तो आभाळाकडे बघून म्हणेल, "यंदा उन्हाळा जरा जास्तच आहे, नाही?" तेव्हा आपणही जनरीत सांभाळू. मासा जेवलेला नाही. मासा कडकडीत उपाशी आहे. इथून सुरुवात करू.

मासा घरात आला तो मधुमतीमुळे. मधुमती म्हणजे राजनची बायको आणि वेंगुर्ल्याची माहेरवाशीण. तिच्या माहेरी मागच्या दारानं चप्पल न घालता समुद्रावर जाता येतं. राजन एका विमा कंपनीत अधिकारी. लग्न ठरताना त्याच्या मामांनी "आज ना उद्या रत्नागिरीला बदली होणारच" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. कंपनीने त्यानंतर राजनला बिलासपूर, इंदूर, अमरावती आणि आता जयपूर दाखवलं. नकाशावर या गावांवरून बोट फिरवत नेलं तर बोट शेवटपर्यंत कोरडं राहतं.

यंदा एप्रिलमध्ये मधुमतीने भांडण न करता, चहा गाळता गाळता सांगितलं, "भार्गवीच्या शाळेला सुट्टी लागली की मी तिला घेऊन वेंगुर्ल्याला जाते. तिकडच्याच शाळेत घालते. तुमची बदली आली की तुम्ही या." भांडण झालं असतं तर राजनला जिंकायची थोडीफार आशा होती. बायको शांतपणे चहा गाळत बोलते तेव्हा निकाल लागलेला असतो, फक्त प्रत हातात पडायची असते.

राजनचं ऑफिस जयपूरच्याच झालाना भागात. तिथे तो दावे विभागात बसतो. लोकांच्या गाड्या ठोकल्या जातात, दुकानं जळतात, म्हशी दगावतात, आणि राजन त्यांना सविनय कळवतो की कंपनीला दुःख आहे, पण पैसे नाहीत. दावा पूर्ण मान्य करता येत नसेल तर तडजोडीची रक्कम देऊ करावी, हा त्या खात्याचा शिरस्ता. बायकोने समुद्र मागितला होता. राजनने तडजोड म्हणून चार फुटांचा समुद्र घरी आणला, काचेच्या टाकीतला, खाऱ्या पाण्याचा, दगड, वाळू, पंप आणि निळ्या दिव्यासकट.

मधुमती पदराला हात पुसत टाकीसमोर उभी राहिली. "हा?"

"छोटा आहे," राजन म्हणाला.

"ह्याच्यात जगतं का काही?"

"जगतं तर! त्यासाठीच असतो."

"बरं," मधुमती म्हणाली. "एक मासा आणा. तिकडचा, समुद्रातला. तो ह्यात जेवला-खाल्ला, रुळला, तर मीही रुळेन. जेवला नाही, तर सुट्टी संपायच्या आत आमची तिकिटं काढा."

अशा रीतीने पेडणेकरांचा संसार एका माशाच्या भुकेवर येऊन ठेपला.

मासा आणण्याआधी पाणी आलं, पाण्याआधी मीठ आलं आणि मिठाबरोबर शेजारच्या लताजी आल्या. लताजी स्वभावाने प्रेमळ. जयपूरबाहेर काही चांगलं मिळतं यावर मात्र त्यांचा विश्वास नाही. टाकीसाठी दुकानातून परदेशी मिठाची बादली आलेली बघून त्या दारातच थबकल्या. "भाईसाब, सांभर यहाँ पास में पड़ा है, आधा हिंदुस्तान उसका नमक खाता है, और आपकी मछली को बाहर का चाहिए?" समुद्री मिठात आणखी बरंच काय काय असतं, हे राजनने समजावून सांगितलं. लताजींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी स्टीलच्या वाटीत सांभरचं मीठ आणून द्यायला सुरुवात केली. ते मीठ पेडणेकर अजून खात आहेत. त्यांचे नातूही खातील.

मासा दुकानातून आला. दुकानदार पोरगा, आर्यन, चांगला गोड बोलणारा होता. "कॉपरबँड बटरफ्लाय है सर. थोड़ा नखरा करता है. पर दुकान में तो मस्त खाता है."

आता, विक्रेत्याचं तोंडी विधान पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, असं परिपत्रक राजननेच आपल्या विभागात फिरवलं होतं. पण माणूस ऑफिसात शहाणा असतो आणि बाजारात नवरा असतो. त्याने मासा घेतला.

दिसायला राजबिंडा. पांढरं चपटं अंग, त्यावर नारिंगी पट्टे, पाठीवर एक काळा ठिपका आणि तोंडाच्या जागी लांबलचक चोच. चेहऱ्यावरचा भाव मात्र बड्या घरच्या जावयाला धर्मशाळेत उतरवल्यासारखा. त्याने टाकीला एक फेरी मारली, मागच्या खडकाआड गेला आणि तिथून एका डोळ्याने हॉल न्याहाळू लागला. सोफा त्याला आवडला नसावा.

राजनने चिमूटभर खाद्य टाकलं. ते तरंगलं, भिजलं, खाली बसलं. माशाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नवीन जागा आहे," राजन म्हणाला.

"हो," मधुमती म्हणाली. "मलाही नवीनच होती." आणि ती माळ्यावरची मोठी बॅग काढायला गेली. नुसती पुसून ठेवायला, असं ती म्हणाली.

पुढचे काही दिवस राजनने जे केलं त्याला मराठीत आग्रह म्हणतात. आपल्याकडे पाहुणा नको म्हणाला की ती वाटाघाटीची सुरुवात समजतात. राजन ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर टाकीच्या काचेला नाक लावून बसू लागला. हातात चिमटा, चिमट्यात घास. "घे रे. एवढंसं. बघ तरी." त्याने हिरव्या गोळ्या दिल्या, लाल गोळ्या दिल्या, इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं म्हणून लसणाच्या रसात बुडवलेल्या गोळ्या दिल्या. हॉलला आठवडाभर फोडणीचा वास आणि मासा खडकामागे. अकरा वर्षांची भार्गवी, जिचं मराठी जयपूरच्या शाळेतून धुऊन आलेलं, शेजारी मांडी घालून बसायची. "बाबा, तो रूठला आहे मतलब. तुम्ही त्याला मनवा ना नीट."

"मनवतोच आहे."

"तुम्ही तर त्याला ऑफिसवाली आवाजमध्ये बोलताय."

वेंगुर्ल्याहून सासूबाईंचा फोन आला. माशाला दृष्ट लागली असणार, मीठ-मोहऱ्यांनी उतरवून टाका. राजनने भीत भीत विचारलं की मासा आधीच मिठात आहे, तर वेगळं मीठ लागेल का? सासूबाई जरा थांबून म्हणाल्या, "मग मोहऱ्याच टाका."

आग्रहाने काही होत नाही हे बघून लताजींनी प्रकरण हातात घेतलं. "मेहमान ऐसे थोड़े ही खाता है? मनुहार करनी पड़ती है." मनुहार म्हणजे आग्रहाची राजस्थानी आवृत्ती. फरक एवढाच की मराठी माणूस आग्रह करून थकतो. मनुहारीत पाहुणा थकतो. आपल्या हाताने घास पाहुण्याच्या ओठापर्यंत न्यायचा आणि त्याने तोंड उघडेपर्यंत हात मागे घ्यायचा नाही. लताजी सून, दोन जावा आणि वरच्या मजल्यावरच्या आत्याबाईंना घेऊन आल्या. सगळ्या काचेभोवती उभ्या राहिल्या, बांगड्या वाजल्या, "खा ले बेटा, म्हारी सौगन" झालं आणि राजन काही बोलायच्या आत लताजींचा हात कोपरापर्यंत टाकीत होता. हातात चूरमा होता. साजूक तुपातला.

खाऱ्या पाण्यावर तूप कसं पसरतं हे फार कमी लोकांनी पाहिलं असेल. सुंदर दिसतं. इंद्रधनुष्य उमटतं. ते काढायला अर्धी टाकी उपसावी लागते, नवं पाणी करावं लागतं आणि बायको त्या वेळी दुसऱ्या बॅगेवरची धूळ झटकत असते.

या वर्दळीने व्हायचं तेच झालं. बातमी सेक्रेटरींपर्यंत पोचली. सेक्रेटरी द्वारकाप्रसादजी कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते. कुठल्या, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण शिक्के मारायची सवय ते सोबत घेऊन आले होते. सोसायटीचा गोल शिक्का त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे आणि खिशावर निळा चंद्र उमटलेला असे.

"पेडणेकरजी, नियम चौदह," ते सोफ्यावर बसून म्हणाले. "परिसर में मांस-मछली लाना, पकाना, सेवन करना मना है. आप मछली लाए हैं."

"ज़िंदा है, जी. पाळलेली... पाली हुई है."

द्वारकाप्रसादजींनी उठून टाकीत पाहिलं. माशाने खडकामागून त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनाही समोरचा पसंत पडला नाही.

"ठीक है. ज़िंदा है तब तक पालतू पशु," त्यांनी निवाडा दिला. "मर गई, तो मछली. उसी मिनट नियम चौदह लागू."

राजनने विमा क्षेत्रात बरीच वर्षं काढली होती, पण मृत्यूच्या क्षणी प्रवर्ग बदलणारा जीव त्याने पहिल्यांदाच पाहिला.

"और खाती क्या है?" द्वारकाप्रसादजींनी विचारलं.

इथे राजनने आयुष्यातली मोठी चूक केली. हा मासा खरं म्हणजे कोळंबी, किडे, शिंपल्यातलं मांस असलं काहीबाही खातो, हे त्याला एव्हाना वाचून माहीत झालं होतं. पण समोर शिक्का होता. मराठी नोकरदार माणूस शिक्क्यासमोर जे बोलतो ते खरं-खोटं नसतं, ते सोयीचं असतं. "शाकाहारी आहे," तो म्हणाला.

"लिखकर दे दीजिए."

राजनने लिहून दिलं, की सदर मासा शुद्ध शाकाहारी असून त्याच्या आहाराची सर्व जबाबदारी खाली सही करणाऱ्यावर राहील. शिक्का बसला. म्हणजे आता परिस्थिती अशी होती, की माशाने खाल्लं तर राजन खोटा, आणि नाही खाल्लं तर मासा मेला, नियम चौदा लागू, आणि बायको वेंगुर्ल्याला. हा दावा राजनच्या टेबलावर आला असता तर त्याने तो डोळे झाकून फेटाळला असता.

मासा वाळत चालला. पोटापाशी खळगी पडली. त्यातच जूनच्या उन्हाने जोर धरला आणि पाणी थंड राहावं म्हणून हॉलचा एसी दिवसरात्र चालू ठेवावा लागला. अख्खं कुटुंब हॉलमध्ये झोपू लागलं, माशाच्या कृपेने. वीज गेली की राजन गोठवलेल्या बाटल्या टाकीत सोडायचा आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घ्यायचा. माशाकडे बघून त्याला ऑफिसमधल्या साहेबांची आठवण यायची. तेही थंड खोलीत बसायचे आणि दिलेलं काही स्वीकारायचे नाहीत.

अशात निर्जला एकादशी, तिकडच्या बोलीत ग्यारस, जवळ आली. जयपुरात तिचं मोठं प्रस्थ. चौकाचौकांत गुलाबी सरबताचे ठेले, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून पेले आणि घरोघरी पाण्याचा थेंब न घेता उपवास. लताजी सकाळी मिठाची वाटी घेऊन आल्या, टाकीकडे बघितलं आणि वाटी त्यांच्या हातातच राहिली.

"भाईसाब! ये बीमार नहीं है. ये व्रत पर है!"

"तो कधीपासूनच खात नाही, लताजी."

"वही तो! ग्यारस से पहले ही शुरू कर दिया. कितनी पक्की आत्मा है!"

निर्जला म्हणावं तर मासा पाण्यात होता. या अडचणीवर खाली आवारात बरीच चर्चा झाली. आत्याबाईंनी निकाल दिला, की तो पाण्यात राहतो, पितो थोडाच! एका कॉलेजकुमाराने खाऱ्या पाण्यातले मासे पाणी पितात अशी शास्त्रीय माहिती दिली. त्याला सरबताच्या ठेल्यावर पेले धुवायला बसवण्यात आलं.

मग रीघ लागली. दुसऱ्या विंगचे लोक आले, समोरच्या सोसायटीतले आले. कुणी टाकीच्या झाकणावर तुळशीचं पान ठेवलं, कुणी पंखा ठेवून गेलं. स्वतः द्वारकाप्रसादजी येऊन हात जोडून गेले आणि जाताना म्हणाले, "पेडणेकरजी, आपकी गाड़ी धूप में क्यों खड़ी रहती है?" त्या दिवसापासून राजनच्या गाडीला कडुनिंबाखालची जागा मिळाली. जयपूरच्या जूनमध्ये सावलीतलं पार्किंग म्हणजे काय, हे ज्याला स्टिअरिंगने भाजलं आहे त्यालाच समजेल. त्या जागेसाठी लोकांनी दोन निवडणुका लढवल्या होत्या. राजनला ती मासा उपाशी असल्याबद्दल मिळाली. त्याला क्षणभर, अगदी क्षणभर, वाटलं की नाही जेवला तरी...

त्याने मान वर केली. मधुमती दारात उभी होती. तिच्या हातात भार्गवीचा शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज होता. "तिकिटं बघितलीत का?" तिने विचारलं.

तळमजल्यावर गोपीनाथजी राहत. सोसायटीतला सर्वांत सोवळा माणूस, कपाळावर केशरी टिळा आणि भेटला की लांबून "राम राम सा". एकादशीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी राजनला जिन्याखाली गाठलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"पेडणेकरजी, उसे पनीर खिलाइए."

"दिलं. थुंकला."

"अरे, वो वाला नहीं." आणि त्यांनी राजनला आपल्या गॅरेजात नेलं. स्कूटरमागे ताडपत्री होती, ताडपत्रीखाली फ्रीझर होता. झाकण उघडलं तर आत वाफेत स्टीलचे डबे, एकावर एक, सोसायटीच्या सभेत बसतात तसे गंभीरपणे बसलेले. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर 'पनीर'. पहिल्या मजल्याचं पनीर, चौथ्या मजल्याचं पनीर. राजनने एका डब्यातलं पनीर उघडून पाहिलं. त्याला तंगडी होती.

एका डब्यावर मात्र काही लिहिलेलं नव्हतं. त्यावर नुसता गोल निळा शिक्का होता.

राजनने गोपीनाथजींकडे बघितलं. गोपीनाथजींनी छताकडे बघितलं. "इस बार गर्मी..." ते म्हणाले. तिथूनच राजनने हे वाक्य उचललं.

तळातून त्यांनी एक पिशवी काढली. "मेरा जँवाई गोवा से लाया था. पत्थर जैसा कुछ है. पकाना किसी को आता नहीं. ले जाइए, आप तो समंदर वाले हैं."

पिशवी घेऊन राजन वर आला आणि ती त्याने मधुमतीपुढे ओट्यावर ठेवली. तिने गाठ सोडली. आत बोट घातलं. मग नाक नेलं. आणि जयपुरात आल्यापासून जो सूर राजनने ऐकला नव्हता तो ऐकला.

"तिसऱ्यो!"

बर्फातल्या, जरा मेलेल्या, गोव्याच्या जावयाने आणलेल्या का असेनात, तिसऱ्या होत्या, खाडीतल्या शिंपल्या. मधुमतीने पिशवी छातीशी धरली. मग टाकीकडे वळून बघितलं. मग पुन्हा पिशवीकडे. "अहो," ती हळूच म्हणाली, "त्याची ती एवढी लांब चोच देवानं काय तुमच्या गोळ्या उचलायला दिली असेल? शिंपल्यात घालून ओढून काढायला दिलीय. आमच्याकडे पोरं बोटानं काढतात तशी."

दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळभर दर्शन चाललं. दुपारी मात्र वीज गेली, बाहेर भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुटली आणि अख्खी सोसायटी दारं लावून आडवी झाली. भार्गवी लताजींकडे सरबत वाटायला गेलेली. राजन ऑफिसातून जेवायला घरी आला तर हॉलचे पडदे ओढलेले, स्वयंपाकघराची खिडकी बंद, दाराच्या फटीला ओला पंचा आणि आत कढईत तिसऱ्या. ओलं खोबरं, आमसूल, वाटण. एकादशी होती हे खरं. पण वेंगुर्ल्याच्या माणसाला आषाढी-कार्तिकी माहीत, निर्जलेशी मधुमतीची ओळख कुणी करून दिली नव्हती.

चार कच्च्या तिसऱ्या तिने बाजूला ठेवल्या होत्या. त्या विळीने उघडून, मांसासकट, तिने टाकीतल्या खडकाच्या फटीत नीट खोचल्या. राजन सवयीने काचेपाशी येऊन बसला.

"तुमी भायर जावा बघू," मधुमती म्हणाली.

"मी? का?"

"टक लावून बघता म्हणून. सगळे बघतात. लग्न होऊन बिलासपूरला आले तेव्हा तुमची अख्खी कॉलनी मी काय खाते ते बघायला यायची. 'वहिनी, चपाती घ्या, वहिनी, लाजू नका.' तीन आठवडे माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

राजनला खरंच कळलं नव्हतं. तो काही बोलणार होता, पण तिने बाल्कनीचं काचेचं दार उघडून धरलं होतं. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या पगाराने आणलेल्या माशाला संकोच वाटू नये म्हणून, विमा कंपनीचा एक राजपत्रित नसला तरी पत्रित अधिकारी भर दुपारी बाहेर पडून सणसणत्या लूमध्ये उभा राहिला. फरशी अशी तापली होती की त्याला आळीपाळीने एकेक पाय उचलावा लागत होता. पडद्याला इस्त्रीने पडलेलं एक भोक होतं. त्याला त्याने डोळा लावला.

मधुमती टाकीकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि ताट पुढ्यात घेऊन तिसऱ्या खाऊ लागली. शिंपी उचलायची, ओठाला लावायची, सुर्रकन ओढायची, ताटात टाकायची. शिंपीवर शिंपी वाजत होती. मागे खडकाआडून नारिंगी पट्टा हलला. मासा पुढे आला. त्याने अंग तिरकं केलं, एका डोळ्याने शिंपीकडे पाहिलं, दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, चोच घातली आणि ओढलं. पुन्हा ओढलं. काचेच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो, दोघं एकमेकांकडे न बघता, एकाच तालात जेवत होते. राजनचे डोळे भरून आले. थोडे लूमुळे.

तो आनंदाने नाचू लागला. पायाखालच्या फरशीने तशीही मदत केलीच. समोरच्या विंगच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागून द्वारकाप्रसादजी त्याच्याकडे बघत होते.

दारावर थाप पडेपर्यंत मधुमतीने ताट ओट्याखाली सरकवलं. द्वारकाप्रसादजी आत आले, मागे लताजी आणि आत्याबाई. "पेडणेकरजी, आप धूप में नाच रहे थे. मछली ठीक है न? कल पारणा है, हलवा हमारी तरफ़ से."

आणि ते टाकीपाशी गेले. माशाची चोच अजून शिंपीत होती.

"ये क्या है?"

मधुमती म्हणाली, "शंख है जी. छोटावाला. ग्यारस है ना आज."

"अहा!" लताजींनी हात जोडले. "शंख को मुँह लगा रही है. देखो तो!"

द्वारकाप्रसादजींचे हात मात्र जोडले गेले नाहीत. त्यांचं नाक वर झालं होतं. खोबरं, आमसूल आणि त्याखाली समुद्र. नाक हळूहळू स्वयंपाकघराच्या दिशेने वळलं. खिशातल्या शिक्क्यावर हात गेला.

"किचन में क्या बना है?"

राजनच्या डोळ्यांपुढून लिहून दिलेला कागद गेला, कडुनिंबाची सावली गेली, रेल्वेची दोन तिकिटं गेली. आणि मग, एका दावे अधिकाऱ्याला आयुष्यात एकदाच सुचावं असं उत्तर त्याला सुचलं.

"पनीर," तो म्हणाला.

द्वारकाप्रसादजींनी त्याच्याकडे पाहिलं. राजननेही नजर हलवली नाही. "गोपीनाथजी के गॅरेज से लाया," तो पुढे म्हणाला. "बहुत डिब्बे हैं वहाँ. एक पे तो नाम भी नहीं है."

सेक्रेटरींचा हात खिशातून बाहेर आला. रिकामा. ते माशाकडे वळले. "पनीर में तो कोई दोष नहीं," ते म्हणाले. लताजी आणि आत्याबाई दाराकडे वळल्या तसे ते मधुमतीकडे वाकले. "नारियल पीसकर डाला है?"

"भाजून," मधुमती म्हणाली. "शाम को कटोरी भेजती हूँ."

त्या रविवारच्या सभेत ठराव एकमताने मंजूर झाला, की दुसऱ्या मजल्यावरील मासा उपवासाला बसला असून प्रकृती उत्तम आहे. पारण्याचा हलवा माणसांनी खाल्ला. उपवास लवकर कसा संपत नाही, असं कुणी विचारलं तर आता चातुर्मास येतोच आहे, चार महिन्यांची सोय झाली. त्यापुढचं द्वारकाप्रसादजी बघून घेणार आहेत. गोपीनाथजींचा जावई आता महिन्यातून एकदा येतो आणि अख्ख्या सोसायटीचा लाडका आहे. मासा चांगला गुबगुबीत झाला आहे. उपवासाचं तेज म्हणतात ते हेच, असं लताजी येणाऱ्याला दाखवतात.

बॅगा माळ्यावर गेल्या. मधुमती राहिली. फक्त एक अट तिने घातली, की बदलीचा अर्ज दरवर्षी जायला हवा, मिळो न मिळो. आणि एक अट माशाने घातली. तो राजन खोलीत असताना जेवत नाही. रोज संध्याकाळी "भायर जावा बघू" असं झालं की घरचा कर्ता पुरुष बाल्कनीत जातो, एक पाय उचलून उभा राहतो आणि इस्त्रीच्या भोकाला डोळा लावतो. यंदाचा अर्ज त्याने तिथेच उभ्याने लिहिला. भार्गवीने तपासून दोन ठिकाणी वेलांट्या बदलल्या, चुकीच्या. तो मुख्य कार्यालयाकडे रवाना झाला आहे. त्यातला शेवटचा परिच्छेद असा:

"सबब, अर्जदाराची बदली समुद्रकिनारी असलेल्या कोणत्याही शाखेत व्हावी. तशी जागा रिक्त नसल्यास, प्रशासकीय सोय म्हणून, अरबी समुद्राची बदली आहे त्याच पदावर व आहे त्याच खारेपणासह जयपूर विभागात करण्यात यावी. त्यास मालवीय नगरातील घरांच्या मागच्या दारापर्यंत, चप्पल न घालता जाता येईल अशा अंतरावर नेमणूक द्यावी. तो रुजू झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्याला कोणीही जेवणाचा आग्रह करू नये, तसेच कोणीही, अर्जदार धरून, त्याच्याकडे टक लावून बघू नये, असे आदेश कृपया व्हावेत, ही नम्र विनंती."